गुणांची बेरीज

गणितात बेरजेइतका गरीब चेहरा कुणाचा नाही. वजाबाकी दुखवते, भागाकार भावाभावांत भांडणं लावतो. बेरजेवर कुणी संशय घेत नाही. बँकेत वीस वर्षं बेरजा तपासल्यामुळे मी घेतो.

माझा पुतण्या संगणकावर मोटारी बनवायचा खेळ खेळतो. इंजिन निवडायचं, पत्रा निवडायचा, गाडी स्पर्धेत उतरवायची. वेगाला इतके गुण, आरामाला इतके, किमतीला इतके; ज्याची बेरीज मोठी तो पहिला. पहिल्या आलेल्या गाडीचे ब्रेक केवळ नावापुरते होते.

"अरे, ही थांबणार कशी?"

"काका, थांबायचे पाचच गुण आहेत. ते वेगात भरून निघतात."

जमाखर्च बिनचूक! फक्त रस्त्यावरून चालणाऱ्याचं खातं कुठं उघडलेलंच नव्हतं.

एका गुणाच्या सुकाळात दुसऱ्याचा दुष्काळ वळता करता येतो का? लग्नाच्या बैठकीत सर्रास करतात. पगार भरपूर, मग राग थोडा चालेल. पण पगार दिसतो सासऱ्याला आणि राग सोसायचा मुलीनं! बँकेत एकाची ठेव दुसऱ्याच्या कर्जात वळती होत नाही. (जामीनदाराची होते, ते त्याला फार उशिरा कळतं.) ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या 'भारत एनकॅप' चाचणीतही मोठ्यांच्या बचावाचे ३२ आणि मुलांच्या बचावाचे ४९ गुण वेगळे मोजून तारेही वेगळे देतात. बापाची शिल्लक पोराच्या नावावर पडत नाही.

आमच्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरखे बघताना मला नेहमी एक जुनी स्पर्धा आठवते. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्याला एक लाखाचं बक्षीस लावलं. एक लाख, तेही १९२९ चे! अटी अशा: चरखा हलका हवा, खेड्यातल्या घरात हातानं किंवा पायानं चालावा, आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघावं. किंमत १५० रुपयांच्या आत, आयुष्य वीस वर्षं, दुरुस्ती वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. शिवाय बाईला तो आठ तास फारसे कष्ट न पडता चालवता आला पाहिजे.

यात गुण कुठंच नाहीत. सूत दुप्पट काढलं म्हणून एकशेएक्कावन्नावा रुपया माफ नाही. सूत जाणार बाजारात, पाठ मोडणार बाईची. दोन खाती दोन नावांची, म्हणून अटही वेगळी. नियम करणाऱ्याला खातेवही कळत होती.

किर्लोस्करांच्या कारखान्यातला चरखाही या स्पर्धेत उतरला. बक्षीस त्याला मिळालं नाही. कुणालाच मिळालं नाही. इथं मात्र माझी पंचाईत होते. सात उंबरठ्यांपैकी सहा ओलांडणारा आणि सातव्याला ठेचकाळणारा यांत्रिक चरखाही घरातल्या जुन्या चरख्यापेक्षा बराच असणार. गुणांची बेरीज केली असती तर कुणीतरी जिंकलं असतं आणि चार घरी चार पैसे जास्त आले असते. सुताची मजुरीही त्याच बाईची आणि पाठही तिचीच. म्हणजे निदान ही दोन खाती एकाच नावाची. ती वळती करायची की नाही, हे तिला विचारायला हवं होतं. आमच्याकडची एखादी म्हणालीही असती, "पाठीचं मी पाहून घेतो बाप्पा, पहिले चरखा तं द्या!"