आजारी कासवाला डॉक्टर हवा का?



प्रश्न लहान वाटेल. गाय आजारी पडली, बकरी अडली, कुत्र्याच्या पायाला जखम झाली तर काय करायचे ते आपल्याला ठाऊक असते. ओरोस हे जिल्ह्याचे ठिकाण. जिल्हा परिषदेचा पशुसंवर्धन विभाग इथेच आहे आणि आजूबाजूच्या गावांत पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. पण घरात काचेच्या पेटीत ठेवलेले कासव खाईनासे झाले तर? अशा वेळी बहुतेक घरांत तीनपैकी एक वाक्य ऐकू येते. "कासवाला कसला आलाय डॉक्टर?" "राहू दे, होईल आपोआप बरे." किंवा, "नेऊन सोड त्याला नदीत."

ही तिन्ही वाक्ये बोलणारी माणसे दुष्ट नसतात. तरीही या वाक्यांमागे एक नैतिक प्रश्न लपलेला आहे. जो जीव आपण स्वतःहून घरात आणला, त्याचे आपण किती देणे लागतो? आणि घरातल्या माणसांच्या गरजा समोर असताना त्याच्यावर किती खर्च करणे योग्य? या रविवारी आपण याचा थोडा विचार करू या.

पहिले वाक्य : "कासवाला कसला डॉक्टर?"

कासवाची पाठ दगडासारखी दिसते, म्हणून त्याला काही लागत नाही असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. कासवाचे कवच हे जिवंत हाड आहे. त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणा त्या कवचाशी एकजीव झालेले असतात. त्याला तडा गेला तर ती जखमच असते, आणि ती चिघळते. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात 'अद्वैत' नावाचे एक महाकाय कासव होते. त्याचे वय अडीचशे वर्षे असावे असे सांगत. त्याच्या कवचाला तडा गेला, आत जखम झाली, आणि मार्च २००६ मध्ये यकृत निकामी होऊन ते मेले. एवढ्या दीर्घायुषी प्राण्यालाही आजार होतो, हे त्यातून दिसते.

आता दुसरे उदाहरण पाहा. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर 'जोनाथन' नावाचे कासव आहे. त्याचा जन्म १८३२ च्या सुमाराचा मानतात. म्हातारपणी त्याला मोतीबिंदूने अंधत्व आले, वासही येईनासा झाला, त्यामुळे चांगला चारा शोधणे त्याला जमेना. तो खंगत चालला. तिथल्या पशुवैद्यांनी काय केले? मोठी शस्त्रक्रिया केली नाही. त्यांनी त्याला आठवड्यातून एकदा हाताने फळे आणि भाज्या भरवायला सुरुवात केली. त्याच्या अंगात ताकद आली आणि बोथट झालेली चोचही पुन्हा धारदार झाली. पावणेदोनशे वर्षांच्या आंधळ्या कासवासाठीही कोणी तरी काही करू शकले.

घरातल्या छोट्या कासवांचे आजारही बरेचसे असेच, म्हणजे आपल्याच ठेवण्यातून आलेले असतात. कासव थंड रक्ताचे. अंगाची ऊब त्याला बाहेरून, उन्हातून घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर त्याचे अन्न पचत नाही आणि रोगाशी लढण्याची त्याची शक्तीही मंदावते. हाडे आणि कवच घट्ट राहण्यासाठी त्याला कॅल्शियम आणि थेट ऊन लागते. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामाचे नाही, कारण त्यातले आवश्यक किरण काच अडवते. कवच मऊ पडणे, डोळे सुजून मिटणे, नाकातून बुडबुडे येणे, पाण्यात एका बाजूला कलून पोहणे ही आजाराची लक्षणे आहेत. रानातले कासव ऊन हवे तर उन्हात जाते, सावली हवी तर पाल्याखाली शिरते, आपले खाणे शोधते. पेटीतल्या कासवाचे हे सगळे स्वातंत्र्य आपण काढून घेतलेले असते. म्हणून त्याच्या आजारपणाची जबाबदारीही आपल्याकडे येते. देण्याचे मूळ इथे आहे. कासव गोंडस आहे की नाही, ते आपल्याला ओळखते की नाही, यावर ते अवलंबून नाही.

दुसरे वाक्य : "राहू दे, होईल आपोआप बरे."

हे वाक्य सगळ्यांत सौम्य वाटते. धोकाही त्यातच जास्त आहे. कुत्रा रात्रभर विव्हळला तर सकाळी आपल्याला उठावेच लागते. त्याचे रडणे आपल्या वतीने निर्णय घेते. कासव ओरडत नाही. ते मान आत घेते आणि स्वस्थ राहते. त्याचे सगळेच सावकाश चालते, मरणेदेखील. अन्नावाचून ते आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही काढते. तेवढ्या काळात आपण रोज पेटीजवळून जातो आणि रोज "उद्या बघू" म्हणतो. आपल्या कोकणात जूनपासून पाऊस लागला की दिवसेंदिवस ऊन पडत नाही. तेव्हा तर "पावसामुळे मलूल झाले असेल" ही सबब तयारच असते. शेवटी एक दिवस ते मेलेले आढळते, आणि आपण म्हणतो, काही करायला वेळच मिळाला नाही. खरे पाहता वेळ भरपूर होता. निर्णय न घेणे हाच आपला निर्णय झाला होता.

उलट, घाईचे घरगुती उपचारही घातकच. गुरांना आणि कुत्र्यांना जंत व गोचिडांवर दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे औषध कासवाच्या जिवावर बेतते. म्हणून घरातले उरलेले औषध द्यायचे नाही. जवळच्या पशुवैद्यांना विचारावे. आपल्याकडच्या डॉक्टरांचा बहुतेक दिवस गाई-म्हशी-शेळ्यांत जातो. त्यांनी "याचा मला अनुभव नाही" असे सांगितले, तर तो त्यांचा प्रामाणिकपणा समजावा आणि अनुभवी डॉक्टर कोण, हे त्यांच्याकडूनच जाणून घ्यावे. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथपर्यंत जाणे प्रत्येकाला जमणार नाही, पण फोनवरून सल्ला घेणे आज कठीण राहिलेले नाही.

तिसरे वाक्य : "नेऊन सोड त्याला नदीत."

यात दया आहे असे वाटते, पण दोन अडचणी आहेत. दुकानात मिळणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले छोटे हिरवे कासव मूळचे अमेरिकेतले. ते आपल्या ओढ्या-तळ्यांत सोडले आणि जगले, तर इथल्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. आजारी असेल तर आजारही बरोबर नेते. आपल्या घरातली अडचण आपण नदीच्या गळ्यात बांधतो. दुसरे, पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेले स्टार कासव. घरात भरभराट होते या समजुतीने अनेक जण ते लपवून पाळतात. ते कोरड्या, झुडपी माळरानाचे रहिवासी. आपल्या मुसळधार पावसात सोडणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात सोडणे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणे हा गुन्हा आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्याला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले आहे. विहिरीत सोडण्यासाठी पकडून आणलेल्या आपल्याकडच्या कासवांनाही कायद्याचे संरक्षण आहे. अशी कासवे वन विभागाकडे सोपवणे हाच सरळ मार्ग. आपल्या जिल्ह्यासाठी वन विभागाचे मुख्य कार्यालय सावंतवाडीला आहे. शिक्षेच्या भीतीने आजारी जीव लपवून ठेवणे म्हणजे एका चुकीवर दुसरी रचणे.

मग खर्चाचे काय?

इथे आपण खऱ्या प्रश्नाशी येतो. चारशे रुपयांचे कासव आणि चार हजारांचा उपचार, हे शहाणपणाचे आहे का? प्रथम हे लक्षात घेऊ या की दुकानातली किंमत हे माप इथे चुकीचे आहे. ती पेटीची आणि दुकानदाराच्या नफ्याची किंमत. वेदना चारशे रुपयांची नसते.

पण म्हणून कासवासाठी कितीही खर्च करावा असेही नाही. ख्रिस्तसभेची शिकवण दोन गोष्टी एकत्र सांगते. प्राण्याला विनाकारण यातना देणे किंवा मारणे हे माणसाला शोभत नाही. आणि ज्या पैशाने आधी माणसाचे दुःख हलके व्हायला हवे, तो प्राण्यांवर उधळणे हेही शोभत नाही. आपण बहुधा आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलतो. प्राणिप्रेमी पहिला उचलतात, हिशेबी माणसे दुसरा.

लूकच्या शुभवर्तमानातला प्रसंग आठवा. शब्बाथ दिवशी एका आजाऱ्याला बरे करताना प्रभू येशू भोवतीच्या लोकांना विचारतो, तुमचा बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला लगेच बाहेर काढणार नाही काय? प्रभू हे गृहीत धरतो की कोणीही काढीलच. बैलाची बाजारातली किंमत विचारून कोणी दोर टाकत नाही. मात्र हा दाखला दिला आहे तो समोरच्या आजारी माणसासाठी. म्हणजे क्रम स्पष्ट आहे. माणूस आधी. पण माणूस आधी म्हणजे बैल विहिरीतच राहू दे, असे नाही.

घरात आजीचे डोळ्यांचे ऑपरेशन थांबले असेल, मुलीची फी भरायची असेल, तर कासवाचा महागडा उपचार मागे राहील. त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही. पण तेव्हाही आपले देणे शून्यावर येत नाही. ऊब, थेट ऊन, स्वच्छ पाणी, योग्य खाणे आणि डॉक्टरांचा एक सल्ला, एवढे तरी बहुतेक घरांना झेपते. आणि स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा. कासवावरचे वाचवलेले पैसे खरोखर आजीच्या ऑपरेशनला जाणार आहेत, की नव्या मोबाइलला? गरिबांचे नाव पुढे करून काटकसर करायची, तर ती रक्कम गरिबांपर्यंत पोहोचली पाहिजे.

आपल्याच किनाऱ्यावरचा एक दाखला इथे उपयोगी पडतो. समुद्री कासव जाळ्यात अडकले तर ते सोडवण्यासाठी मच्छीमाराला जाळे कापावे लागते. जाळे म्हणजे त्याचे पोट. "कासव वाचव" असे त्याला नुसते सांगणे सोपे आहे. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने अशा मच्छीमारांना जाळ्याची नुकसानभरपाई देण्याची योजना आणली, जास्तीत जास्त २५ हजार रुपयांपर्यंत. मुक्या जीवाची दया एकट्या गरिबाच्या खिशातून मागू नये, हे तत्त्व त्यात आहे. आपल्या धर्मग्रामातही हे करता येईल. एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याकडे मुंबईला गेलेल्या नातवाचे आजारी कासव राहिले असेल, तर डॉक्टरकडे जाण्याचे रिक्षाभाडे शेजाऱ्याने दिले म्हणून काय बिघडले?

आणि उपचारच नसेल तर?

कधी डॉक्टर सांगतात की आता काही होणार नाही. तेव्हा ओढूनताणून जगवणे हे अनेकदा प्राण्यासाठी नसते, आपल्या मनाच्या समाधानासाठी असते. माणसाच्या आयुष्याचा शेवट आपल्या हाती दिलेला नाही. प्राण्याच्या बाबतीत मात्र यातना थांबवण्यासाठी त्याला शांतपणे मरण देणे हे पाप नाही. पण ते पशुवैद्यांच्या हातून, वेदना न होता व्हावे. फ्रीजमध्ये ठेवणे किंवा असे इतर घरगुती उपाय कासवासाठी फार क्रूर आहेत, कारण त्याचे शरीर चटकन हार मानत नाही. या वेळी मुलांना दूर ठेवून खोटे सांगू नये. मरण, जबाबदारी आणि दया यांविषयी घरात बोलायची ही वेळ असते.

शेवटी एक गोष्ट. डॉक्टरकडे न्यायचे की नाही हा निर्णय खरे तर कासव घरात आणतानाच अर्धा झालेला असतो. आपण सांभाळलेले कासव वीस-तीस वर्षे जगू शकते. पहिलीतल्या मुलासाठी आणलेला जीव ते मूल नोकरीला लागले तरी घरात असणार. तेवढ्या वर्षांचे वचन द्यायचे नसेल, तर वाढदिवसाची भेट म्हणून दुसरे काही तरी आणावे. आणि आधीच आणले असेल, तर वचन दिले आहे असे समजावे.

आणखी एक विचार मनात येतो. आपल्या घरांत न ओरडणारे आजारी फक्त कासवच असते का? "मला काही नको, तुमचे चालू द्या" म्हणणारे आईवडील, दुखणे लपवणारी सून, कोपऱ्यात गप्प बसलेले आजोबा. जो मागतो त्याला आपण देतो. जो मागत नाही त्याची पाळी उद्यावर ढकलतो. न मागणाऱ्याकडे स्वतःहून वळून पाहण्याची सवय माणसाला लागली पाहिजे, आणि ती घरातल्या लहानात लहान जीवापासून लागली तरी हरकत नाही. या आठवड्यात आपापल्या घरात एकदा तसे पाहू या.