तो शब्द काढू नका

आत्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला तेव्हा आमच्या घरातून एक शब्द हद्दपार झाला. कॅन्सर हाच शब्द. रिपोर्टची फाईल कपाटात होती, केमोच्या तारखा कॅलेंडरवर गोल करून ठेवल्या होत्या, फ्रिजच्या दारात औषधं होती. शब्द तेवढा नव्हता. मी एकदा डॉक्टरांशी फोनवर बोलताना तो उच्चारला, तर प्रार्थनेला आलेल्या ब्रदरनी डोळे उघडले आणि हात वर केला. "तो शब्द काढू नका. येशूच्या नावाने मागे घ्या." मी गांगरलो आणि खरंच मागे घेतला. तिकडे डॉक्टर "हॅलो, हॅलो" करत होते.

आमचं घर नगरचं. चौथी पिढी ख्रिस्ती. जुन्या चर्चची माणसं भेटली की अजूनही "सलाम" म्हणतात, नव्या मंडळ्यांमधली "प्रेज द लॉर्ड". आत्या सलामवाली होती. तिचा मुलगा, आमचा दादा, दुकानांच्या वरच्या एका हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या मंडळीत जायचा. आत्या नर्स होती, उभी हयात वॉर्डात गेलेली. रिपोर्ट तिला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. तिने तो स्वतः वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "उशीर झाला रे." त्यानंतर तिला तसं काही बोलू दिलं गेलं नाही.

नियम सोपा होता. जे बोलाल ते होतं. म्हणून "मी आजारी आहे" म्हणायचं नाही, "मी बरी झालेली आहे" म्हणायचं. तेही भविष्यकाळात नाही, भूतकाळात. भिंतीवर वचनं चिकटवली होती, त्यात आत्याचं नाव घालून ती दिवसातून तीनदा मोठ्याने म्हणायची. दुखलं तर "दुखतंय" म्हणायचं नाही. मग गोळी कशी मागायची? आत्या डावा हात किंचित उचलायची. तेवढ्यावर मी ओळखायचो.

ही शिकवण नगरची नाही आणि फार जुनीही नाही. विसाव्या शतकातल्या अमेरिकेत ई. डब्ल्यू. केनयन (१८६७-१९४८) आणि त्यांच्या लिखाणावर पोसलेले केनेथ हेगिन (१९१७-२००३) यांनी तिला आकार दिला. हेगिन किशोरवयात हृदयाच्या आजाराने अंथरुणाला खिळले होते आणि मार्कच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायाच्या बळावर आपण उठलो, असं ते सांगत. त्या अध्यायात येशू म्हणतो की मनात शंका न धरता डोंगराला समुद्रात पड म्हणालात तर तसं होईल. हेगिननी त्यातल्या 'म्हणालात' या क्रियापदावर बोट ठेवलं. तिथून पुस्तकं, कॅसेटी, टीव्ही आणि आता यूट्यूब अशी ती शिकवण आमच्या हॉलपर्यंत पोचली.

पण ती इतक्या सहज रुजली, कारण जमीन आधीच तयार होती. आपल्याकडे वास्तू "तथास्तु" म्हणते ना? आमच्याच घरात, चार पिढ्या ख्रिस्ती असूनही, आजी दिवेलागणीला कुणी वाईट बोललं की "शुभ बोल नाऱ्या" म्हणायची. मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, कचरू ठेवायचे, म्हणजे मरणाला वाटावं की हे काही नेण्याजोगं नाही. रीलवर "मॅनिफेस्ट करा, युनिव्हर्स ऐकतंय" सांगणारी मुलगी, आमचे ब्रदर आणि माझी आजी एका बाकावर बसली तर त्यांचं छान जमेल. तिघांनाही शब्दांची भीती वाटते. भीतीच म्हणतो मी, श्रद्धा नाही. का ते पुढे येईल.

आधी हे कबूल करायला हवं की ब्रदर हवेत बोलत नव्हते. बायबल हे पुस्तकच बोलण्याने सुरू होतं. देव हातात माती घेण्याआधी बोलतो, आणि उजेड होतो. हिब्रू भाषेत 'दाबार' म्हणजे शब्द आणि 'दाबार' म्हणजे घडलेली गोष्टसुद्धा. योहान तर ख्रिस्तालाच शब्द म्हणतो. आंधळा झालेला म्हातारा इसहाक फसतो, एसावचा आशीर्वाद याकोबाला देऊन बसतो. थोड्या वेळाने खरा एसाव येतो, रडतो, पण गेलेला आशीर्वाद परत येत नाही. मला लहानपणी रविवारच्या शाळेत याचा भयंकर राग यायचा. सरळ म्हणायचं ना, "चूक झाली, परत दे"! आणि इफ्ताहची गोष्ट तर आमच्या बाई घाईने उरकायच्या. लढाई जिंकलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल त्याचं होमार्पण करीन असा नवस तो बोलतो. सामोरी येते ती त्याची एकुलती एक मुलगी, डफ वाजवत. शब्द तोंडातून गेलाय म्हणून तो मागे फिरत नाही.

शब्दाने माणूस घडतो हे आमच्या घराण्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको. अमेरिकन मराठी मिशनने १८३१मध्ये नगरमध्ये काम सुरू केलं आणि पुढच्या काळात इथल्या महार-मांग वस्त्यांमधली माणसं मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. माझे खापरपणजोबा त्यांतलेच. गावाने त्यांना जन्मभर ज्या नावाने हाक मारली ते माणसाचं नाव नव्हतं, ती हाड-हाड होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी कुणीतरी सगळ्यांसमक्ष त्यांचं नाव नीट, पूर्ण उच्चारलं. जमीन मिळाली नाही, विहीरही लगेच मिळाली नाही, आणि चर्चमध्ये जात शिल्लक नव्हती असंही नाही. पण ते नाव त्यांनी मरेपर्यंत पुरवलं. त्यामुळे 'शब्दात काय आहे' असं म्हणणाऱ्या हुशार माणसांशी माझं पटत नाही. शब्दात ताकद आहेच. प्रश्न ती कशी चालते याचा आहे.

जे. एल. ऑस्टिन नावाच्या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९५५मध्ये हार्वर्डला काही व्याख्यानं दिली. ती १९६२मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, 'हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्‌स' या नावाने छापली गेली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की काही वाक्यं जगाचं वर्णन करत नाहीत, ती काम करतात. "मी वचन देतो" म्हटलं की वचन दिलं जातं. "मी तुला माफ केलं" म्हटलं की काहीतरी खरोखर बदलतं, दोघांच्या मध्ये. लग्नातलं "हो", बाप्तिस्म्याचं नाव, इसहाकाचा आशीर्वाद, सगळे याच जातीचे. हे शब्द काम करतात कारण बोलणारा कुणीतरी असतो आणि ऐकणाराही कुणीतरी असतो. "माझी गाठ विरघळली आहे" हे वाक्य मात्र गाठीला उद्देशून आहे. गाठीशी आपलं असं काही नातं नाही.

ब्रदर म्हणतील, डोंगराशी तरी कुठे नातं होतं? बरोबर आहे. तो उतारा मला टाळता येत नाही, आणि त्याची पूर्ण उकल झाली असंही मी म्हणणार नाही. पण त्याच श्वासात येशू पुढे प्रार्थनेकडे वळतो आणि म्हणतो, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध मनात काही असेल तर माफ करा. डोंगराचं वाक्य आमच्या भिंतीवर होतं. माफीचं नव्हतं.

आत्याच्या आजारपणात मी जुनं बायबल घेऊन बसायचो, बरंचसं ब्रदरशी मनातल्या मनात भांडण्यासाठी. त्यात लाजर सापडला. म्हणजे गोष्ट माहीतच होती, पण क्रम कधी पाहिला नव्हता. लाजर मेल्यावर येशू शिष्यांना आधी म्हणतो की तो झोपलाय. शिष्यांना वाटतं, झोप लागली म्हणजे बरा होईल. मग येशू त्यांना उघड सांगतो की लाजर मेला आहे. हे वाक्य तो उच्चारतो. त्यानंतर रडतो, कबरेशी जातो, आणि मग मोठ्याने हाक मारून लाजरला बाहेर बोलावतो. जो माणूस मेलेल्याला उठवणार आहे त्याला 'मेला' हा शब्द वापरायची भीती वाटली नाही. त्या शब्दाने चमत्कार अडला नाही.

अब्राहामाचंही तसंच. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, पौल सांगतो की शंभरीला टेकलेल्या अब्राहामाने आपलं निर्जीव झालेलं शरीर ध्यानात घेतलं आणि तरी त्याचा विश्वास ढळला नाही. गंमत म्हणजे या जागी हस्तलिखितांमध्ये फरक आहे. काहींमध्ये एक नकार जास्त आहे, त्यामुळे जुन्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात अब्राहाम शरीराकडे लक्षच देत नाही. आजचे बहुतेक अभ्यासक तो नकार मूळचा मानत नाहीत. एका छोट्या 'न'वर केवढं काय उभं राहतं! शरीराकडे बघून विश्वास ठेवायचा, की न बघता?

आणि स्तोत्रसंहिता. तिच्यात कुरकुर किती आहे हे एकदा मोजून बघा. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, आशेची एक ओळही न येता संपतं. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसतात, तेवढंच त्यांचं बरोबर असतं. नंतर ते देवाच्या बाजूने छान छान बोलतात. ईयोब मात्र देवाला जाब विचारतो, जन्मदिवसाला शाप देतो. शेवटी देव मित्रांवर रागावतो, तुम्ही माझ्याविषयी ईयोबासारखं नीट बोलला नाहीत म्हणून. वधस्तंभावर येशूच्या तोंडी देवाने आपल्याला का टाकलं हा प्रश्न आहे. मार्कने तो अरामी भाषेतच जपून ठेवला. आमच्या ब्रदरच्या नियमात ते वाक्य नकारात्मक ठरलं असतं आणि मागे घ्यावं लागलं असतं.

इतकं सगळं मला सापडलं होतं. तरीही एका रात्री काय झालं ते सांगतो.

दोनच्या सुमारास आत्या जागी झाली. दादा बाहेरच्या खोलीत झोपला होता. तिने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "बाळा, ऐक. मी गेल्यावर..." आणि मी म्हणालो, "आत्या, असं नको ना बोलू."

ब्रदर नव्हते तिथे. मीच होतो, लाजर वाचून बसलेला. आत्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. पाणी दे." पुढे अकरा दिवसांनी ती गेली. मधल्या काळात शुद्ध येत-जात होती आणि तो विषय तिने पुन्हा काढला नाही. बांगड्यांबद्दल असेल, कुठलं गाणं म्हणायचं त्याबद्दल असेल, किंवा दादाला सांभाळ असं असेल. माहीत नाही. शब्दाच्या ताकदीवर एवढा सगळा विचार करून मी शेवटी आजीचाच नातू निघालो. तिने म्हटलं नाही तर होणार नाही, असं मलाही कुठेतरी वाटत होतंच.

ब्रदर आणि त्यांच्या मंडळीवर मी इतकं लिहिलं तर हेही लिहायला हवं. ती माणसं रोज आली. बायकांनी आत्याची पाठ पुसली, स्वयंपाक केला, रात्री आळीपाळीने थांबल्या. माझ्या जुन्या, समजूतदार, ईयोब कळलेल्या चर्चमधून लोक एकदा आले, सफरचंदं ठेवली आणि "देवाची इच्छा" म्हणून गेले. "देवाची इच्छा" हाही तोंड बंद करायचाच शब्द आहे, फक्त जास्त सभ्य.

पण अंत्यविधीनंतर जे झालं ते मी विसरू शकत नाही. कुणीतरी दादाला बाजूला घेऊन म्हणालं, घरात कुणाच्या तरी तोंडून अविश्वासाचा शब्द गेला असणार. दादाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फोनवरचा तो शब्द त्याला आठवला असेल, मलाही आठवला. जे बोलाल ते होतं असं एकदा धरलं की प्रत्येक मरणाला कुणीतरी बोलणारा गुन्हेगार लागतो. कधी तो मेलेला माणूस स्वतःच असतो: त्याचाच विश्वास कमी पडला. आईला पुरून आलेल्या मुलाच्या कानात सांगायची ही गोष्ट आहे का? याकोबाच्या पत्रात जिभेला आग म्हटलंय, ती हीच असावी. आत्याच्या उशाशी आम्ही ज्या शब्दांना घाबरत होतो, ती नव्हे.

दादा आणि मी दीड वर्ष धड बोललो नाही. मग गेल्या नाताळात तो आला, केक घेऊन. दारातच म्हणाला, "तू बोललास म्हणून काही झालं नाही रे." मी म्हणालो, "माहितीये." आणि मग मला कळलं की तोवर मला ते माहीत नव्हतं.

अलीकडे एका मित्राचे वडील आजारी होते, लिव्हर गेलेलं. मी भेटायला गेलो तर मित्र चहा आणायला आत गेला होता. काका म्हणाले, "आता काही खरं नाही माझं." तोंडात आलंच होतं, काका असं नका बोलू. मी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "काही सांगायचंय का?"

त्यांनी पंधरा मिनिटं सांगितलं. स्कूटर अजून त्यांच्या मोठ्या भावाच्या नावावर होती, ते कागद कुठल्या ट्रंकेत आहेत. शेतातल्या मोटरचं बिल कोण भरतं. एका माणसाचे सात हजार द्यायचे आहेत, त्याने मागितले नाहीत तरी द्यायचे. मी सगळं मोबाईलमध्ये लिहून घेतलं. मित्र चहा घेऊन आला तेव्हा ते म्हणाले, "आता प्रार्थना कर. बरं वाटू दे म्हणून कर." मी केली, मोठ्याने. काका "आमेन" म्हणाले, आणि मग म्हणाले की ट्रंकेची किल्ली पाटावरच्या डब्यात आहे, ते लिहिलंस का.