लेकराला काय विचारावे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मशिदीत एका कुटुंबाचा वाद मिटविण्यासाठी बैठक बसली होती. तलाक झालेला; प्रश्न नऊ वर्षांच्या मुलाच्या ताब्याचा. असरच्या नमाजनंतर दोन्हीकडची बारा-पंधरा वडीलधारी मंडळी जमली आणि मध्ये तो मुलगा. इमाम या नात्याने मीच सर्वांदेखत विचारले, "बेटा, तुला अम्मीकडे राहायचे की अब्बांकडे?" तो चटईचा धागा उपसत राहिला. बोलला नाही.

माझ्यापाशी आधार होता. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसमध्ये एक स्त्री तक्रार घेऊन येते: पती मुलाला नेऊ पाहतो आणि हाच मुलगा मला विहिरीचे पाणी आणून देतो. प्रेषित मुहम्मद (स.) मुलाला आई-वडील दाखवून हवा त्याचा हात धरण्यास सांगतात. मुलगा आईचा हात धरतो. तेथेही दोघे समोरच होते. मग माझे चुकले कोठे?

त्या मुलाने हात धरल्यानंतर त्याला दोष देण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, निर्णयामागे प्रेषितांचा (स.) अधिकार उभा होता. आमच्या मुलाने मात्र कोणाचेही नाव घेतले असते, तरी दुसऱ्या घराने ते त्याला आयुष्यभर ऐकविले असते. शिवाय मी शिकलो ते हनफी फिकह. त्यात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आईकडे, नंतर वडिलांकडे. निवड मुलावर सोपविलेली नाही. कारण लहानग्याची अक्कल कोवळी. जो खेळू देईल त्याच्याकडे तो धावेल. शाफई विद्वान मात्र समज आलेल्या मुलाला निवड देतात. हे सारे ठाऊक असूनही मी विचारले, कारण त्यात आम्हा मोठ्यांची सोय होती. उत्तर त्याने दिले असते, तर निवाड्याचे ओझे आमच्या मानेवरून उतरले असते. ज्याच्या कर्मांची नोंदच अजून सुरू झालेली नाही, त्याच्यावर आम्ही ते टाकू पाहत होतो.

पुढे प्रकरण भंडाऱ्याच्या न्यायालयात गेले. तेथे न्यायाधीशांनी त्याला एकट्याला दालनात बोलावले आणि आधी शाळेच्या, क्रिकेटच्या गोष्टी काढल्या, असे त्यानेच मला सांगितले. पालक व पाल्य अधिनियम, 1890 नुसार समंजस मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते. पण कसोटी मुलाच्या हिताची आणि निर्णय न्यायालयाचा. अत्याचाराच्या खटल्यांसाठी 2012 चा पोक्सो कायदा याहून पुढे जातो. वकील मुलाला थेट प्रश्न विचारीत नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारतात. सुनावणी बंद दालनात होते, आरोपी मुलाच्या नजरेस पडू दिला जात नाही, विश्वासाचे माणूस सोबत बसू शकते, मध्ये विश्रांती मिळते आणि साक्षीसाठी मुलाला वारंवार बोलावले जात नाही.

इमाम मालिक (रह.) यांचे एक मत येथे आठवते. मुलांच्या आपसातील मारामारीत मुलांची साक्ष ते ग्राह्य धरतात, परंतु मुले पांगण्यापूर्वीचीच. एकदा ती घरोघर गेली की मोठी माणसे त्यांना शिकवून पाठवितात. संशय मुलांवर नाही, आपल्यावर आहे.

आता अशी बैठक असली की मी मुलाला आधी हुजऱ्यात नेतो, दार उघडे ठेवतो आणि कोणाकडे राहायचे हे विचारीत नाही. शाळेत कोण सोडते, ताप आल्यावर रात्री कोण जागते, एवढेच विचारतो. तो पहिला मुलगा जुम्याला येतो. सलाम करतो आणि मागच्या सफेत जाऊन बसतो.