पटावरची नीती

खेळातून मुलांस नीती शिकविता येते काय? येते, असे आम्हांस वाटते; मात्र पट जो उपदेश करितो तो मूल शिकत नाही, पट ज्या कृत्यास यश देतो तेच शिकते.

अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ साली 'जमीनदाराचा खेळ' या पटाचे पेटंट घेतले. जमिनीच्या भाड्यावर एक धनाढ्य होतो व बाकीचे नागविले जातात, हा अन्याय खेळणाऱ्यांस उमजावा, हा त्यांचा हेतू. त्याच पटातून निघालेला 'मोनॉपली' १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने बाजारात आणला, आणि प्रतिपक्षाचे दिवाळे काढणे हाच त्यातील आनंद ठरला.

आमच्या मोक्षपटाची गोष्ट निराळी नाही. शिडीस सद्गुणाचे नाव, सापास दुर्गुणाचे. परंतु सोंगटी चढते ती दानामुळे, आचरणामुळे नव्हे. आजच्या छापील सापशिडीत तर बहुधा ती नावेही उरली नाहीत.

मग असे पट टाकून द्यावे काय? मुळीच नाही. सापाने गिळले असता न रुसता पुन्हा चालू लागणे आणि पडलेले दान खरे सांगणे, हे पटावर बसूनच अंगवळणी पडते. परंतु धाकट्याचे मन राखण्यासाठी आम्ही वडील माणसेच घरे चुकीची मोजतो. ते त्याच्या ध्यानात येते. तेव्हा तो जे शिकतो, त्याचा दोष पटाकडे नाही, आमच्याकडे आहे.