‘माझे’ दुःख आणि ‘आमचे’ दुःख

१

स्वतःच्या घरातील मृत्यूविषयी लिहिण्याचा लेखकाचा अधिकार कितपत आहे, हा प्रश्न मराठी समीक्षेत क्वचितच विचारला जातो. असे लेखन आपण एक तर अनुभवाच्या सच्चेपणाच्या निकषावर तपासतो, किंवा त्यातील वैयक्तिक दुःखाला कलारूप कितपत आले आहे ते पाहतो. दोन्ही वेळा लेखक आणि त्याचे दुःख हे दोनच घटक आपल्या नजरेसमोर असतात. त्या दुःखात वाटेकरी असलेली घरातील इतर माणसे विचारात येत नाहीत. मला हा प्रश्न ज्या प्रसंगामुळे पडला तो आधी सांगतो. खाजगी प्रसंगावर विवेचन रचणे प्रस्तुत विषयाच्या संदर्भात धोक्याचे आहे याची जाणीव आहे. म्हणून बहिणीची संमती घेऊनच तो येथे देत आहे.

आईच्या निधनानंतर वर्षभराने मी तिच्यावर एक लेख लिहिला. शेवटच्या काही महिन्यांत तिची स्मृती गेली होती. दिवेलागणीची वेळ झाली की ती दाराशी येऊन बसे आणि बारा वर्षांपूर्वी वारलेले वडील अजून घरी कसे आले नाहीत, असे विचारी. ‘येतीलच एवढ्यात’ असे सांगितल्यावाचून ती जेवायला उठत नसे. लेखात हा प्रसंग मी प्रथमपुरुषी लिहिला : तिने विचारले, मी ‘येतीलच’ म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याशी खोटे बोललो. लेख अनेकांना आवडला. थोरल्या बहिणीने तो वाचून दोन दिवसांनी फोन केला. “चांगला लिहिलायस,” ताई म्हणाली. “पण तू शनिवारी यायचास आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत जायचास. ते खोटं रोज मी बोलत होते. तेवढं तरी माझ्याकडे राहू द्यायचंस.” थोडे थांबून ती म्हणाली, “आणि सगळीकडे आपलं माझी आई, माझी आई. आपली आई होती ना रे ती?”

मी सवयीने स्वतःचे समर्थन केले. लेखनातला ‘मी’ म्हणजे प्रत्यक्ष लेखक नव्हे, अनुभवाला आकार देताना तपशिलांची फेरमांडणी होतेच, इत्यादी. हे सारे मी वर्गात शिकवतो. ताईला ते पटले नाही. नंतर हळूहळू मलाही ते पटेनासे झाले.

२

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आपण’ ऐकणाऱ्याला सामावून घेते, तर ‘आम्ही’ त्याला बाहेर ठेवते. संस्कृतातील ‘वयम्’ला किंवा हिंदीतील ‘हम’ला हा भेद दाखवता येत नाही. ताई माझ्याशी बोलताना ‘आपली आई’ म्हणाली. तिऱ्हाइताशी बोलताना ती ‘आमची आई’ म्हणेल. वाचक हा तिऱ्हाईतच. तेव्हा त्याच्यापुढे ‘आमची आई’ असे लिहिण्याची सोय भाषेने मला दिलेली होती. मी ‘माझी’ हा शब्द निवडला. ही निवड मला तेव्हा निवड वाटलीच नाही, आणि या बेसावधपणाचे मूळ काही अंशी आपल्या काव्यशास्त्रात आहे, असे मला वाटते.

भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेल्या साधारणीकरणाच्या विचाराचे सार मम्मटाने काव्यप्रकाशात दिले आहे. रसास्वादाच्या वेळी विभावादिक हे माझे आहेत, शत्रूचे आहेत किंवा तटस्थाचे आहेत, असे वाटत नाही. तसेच ते यांपैकी कोणाचे नाहीत असाही निश्चय होत नाही. व्यक्तिसंबंध गळून पडतात, म्हणूनच परक्याचा शोक सहृदयाला आस्वाद्य होतो. हा सिद्धान्त आस्वादाचे स्वरूप फार चांगले उलगडतो. परंतु त्याने विचारात घेतलेली संबंधांची यादी पाहण्यासारखी आहे. माझे, शत्रूचे, तटस्थाचे : या यादीत ‘आमचे’ नाही. एकाच मृत्यूने पाच माणसांचे पाच प्रकारांनी नुकसान होते आणि त्या पाचांचे परस्परांशी काही देणेघेणे असते, ही कुटुंबातील रोजची वस्तुस्थिती तिच्यात बसत नाही. ‘माझे’ येथून निघालेले दुःख थेट ‘सर्वांचे’ येथे पोहोचते. वाटेतले घर लागतच नाही.

याचे एक उदाहरण या परंपरेच्या आरंभकथेतच आहे. रामायणात निषादाच्या बाणाने क्रौंच नर मरतो आणि क्रौंची आक्रोश करते. तो ऐकून वाल्मीकीच्या मुखातून श्लोक बाहेर पडतो. नवव्या शतकातील आनंदवर्धन शोकाचे श्लोकत्व सांगण्यासाठी हीच कथा घेतो. पण ध्वन्यालोकाच्या प्रचलित पाठात सहचरी मारली गेली आहे आणि शोक करतो आहे तो नर. या पाठाची चर्चा अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे, ती येथे करण्याचे कारण नाही. लोचन टीकेत अभिनवगुप्त आणखी एक पाऊल पुढे जातो : हा शोक मुनीचा स्वतःचा मानू नये, तो स्वतः शोकाकुल असता तर श्लोक रचला गेला नसता. लौकिक शोक आणि करुणरस यांतील भेद सांगण्यासाठी हे विधान आवश्यकच होते. तरीही ओळीने वाचत गेल्यास दिसते ते असे की, जिचे जग प्रत्यक्षात उद्ध्वस्त झाले ती क्रौंची या कथेतून टप्प्याटप्प्याने नाहीशी होते. प्रथम तिच्या जागी नर येतो, मग त्याचाही शोक मुनीच्या चित्तवृत्तीत विरतो, आणि अखेर सहृदयाचा आस्वाद तेवढा उरतो.

माझ्या लेखात नेमके हेच घडले होते. दाराशी बसलेल्या आईला रोज उत्तर देणारी ताई नाहीशी झाली होती.

३

भारतीय कुटुंबव्यवस्थेने दुःखाचे ‘आमचे’पण मात्र नेहमीच मान्य केले आहे. सुतक ही संस्था त्याची साक्ष आहे. सुतक कोणाला किती वाईट वाटले यावर ठरत नाही. ते नात्यावर ठरते आणि सर्व सपिंडांना लागते. गेलेले माणूस एकट्याचे नव्हते, असा त्याचा एक अर्थ घेता येतो. पण हे वाटप समान नाही. पुत्राला दहा दिवसांचे सुतक, विवाहित कन्येला आईवडिलांचे तीन दिवसांचे. अग्नी द्यायचा तो मुलाने, पिंडाला कावळा शिवेपर्यंत हात जोडून उभे राहायचे तेही त्यानेच. आईचे अंथरूण जिने वर्षभर बदलले तिचे सुतक चौथ्या दिवशी फिटले आणि मी दहा दिवस शोकाचा अधिकृत धनी होतो. पुढे लेख लिहिताना, रूढी न मानणारा आधुनिक लेखक म्हणून मी तोच पुत्राधिकार पुन्हा बजावला.

येथे परंपरेतीलच दोन वेगळी उदाहरणे पुढे येतात. भवभूतीच्या उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकात राम पंचवटीत सीतेसाठी विलाप करतो. त्या विलापाची थोरवी सर्वांनी गायिली आहे. मला महत्त्वाची वाटते ती नाटककाराने केलेली योजना. अदृश्य सीता तमसेसह तेथेच उभी आहे आणि सारे ऐकते आहे. रामाचा शोक खरा आहे, परंतु ज्या त्यागातून तो उद्भवला तो त्याचा स्वतःचाच निर्णय होता. भवभूती त्याला एकट्याने शोक करू देत नाही. ज्या व्यक्तीचे त्या दुःखात त्याच्यापेक्षा अधिक गेले आहे तिच्या कानांवर पडेल अशा अंतरावरच तो त्याला बोलू देतो. सीता विरघळते, रागावते, पुन्हा विरघळते. प्रेक्षक रामाचा विलाप तिच्या प्रतिक्रियांसह ऐकतो. साधारणीकरण येथेही होते, पण ‘कोणाचे दुःख?’ हा प्रश्न मिटवून टाकून होत नाही.

दुसरे उदाहरण नामदेवांच्या नावावर असलेल्या समाधीच्या अभंगांचे. १२९६ मध्ये आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्या प्रसंगाचे हे वर्णन. निवेदक स्वतः शोकाकुल आहे. पण निवृत्तिनाथांचा, सोपानाचा, मुक्ताबाईचा शोक तो आपल्या शोकात विरघळवून टाकत नाही. आईबापांविना वाढलेल्या या भावंडांमध्ये थोरला भाऊ मागे राहतो आणि धाकटा आधी जातो, हे निवृत्तिनाथांचे वेगळे दुःख तेथे वेगळेच राहते.

४

या विवेचनावर एक आक्षेप सहज घेता येईल, आणि तो गंभीर आहे. ‘आमचे’ हा शब्द कुटुंबात अनेकदा मुस्कटदाबीसाठी वापरला जातो. घरची गोष्ट घरात राहावी, हा दंडक प्रामुख्याने स्त्रियांना आणि घरातील दुबळ्यांना गप्प बसवण्यासाठीच वापरला गेला आहे. दुःखातील प्रत्येक वाटेकऱ्याची संमती घ्यायची म्हटले, तर मराठीतील महत्त्वाचे आत्मपर लेखन झालेच नसते. १९७८ मधील ‘बलुतं’ असो किंवा १९८४ मधील ‘अक्करमाशी’, ती पुस्तके घराचे आणि समाजाचे मौन मोडूनच उभी राहिली.

हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच ‘आमचे’ हा कुटुंबाचा नकाराधिकार आहे, असे माझे म्हणणे नाही. कुटुंबाची प्रतिष्ठा आणि कुटुंबीयांचा दुःखातील वाटा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीपुढे लेखकाने मान तुकवण्याचे कारण नाही. दुसरीचा हिशेब मात्र त्याला चुकवता येत नाही. ‘बलुतं’मध्ये दया पवार स्वतःचीच दोन माणसे करतात : दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. पांढरपेशा झालेला लेखक आणि ते आयुष्य भोगलेला माणूस यांच्यात अंतर पडले आहे, हे त्या रचनेतच कबूल केलेले आहे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात तर हे अनेकवचन शीर्षकातच आले.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पती हयात असताना लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. अशा वियोगासाठी रूढीने ना सुतक नेमले आहे ना विधी. सर्वाधिक हानी त्यांची झाली होती, तेव्हा ‘माझे’ म्हणण्याचा अधिकारही त्यांचाच सर्वाधिक होता. तरीही त्या प्रसंगाच्या कथनात त्यांच्याभोवतीच्या माणसांची तारांबळ, भीती आणि माया यांना भरपूर जागा आहे. स्वतःच्या फजितीकडे त्या हसून पाहतात आणि टिळकांच्या जिवाची तगमगही नजरेआड होऊ देत नाहीत. हा केवळ विनोदबुद्धीचा भाग नाही. दुःखाची मालकी न सांगण्याची ती एक नैतिक रीत आहे.

हिंदीत निराला यांची ‘सरोज-स्मृति’ ही दीर्घ कविता १९३५ मध्ये, मुलीच्या मृत्यूनंतर, लिहिली गेली. तीत बाप शोक करतो, आणि बाप म्हणून आपल्या हातून काय झाले नाही याचा हिशेबही मांडतो. मुलगी आजोळी वाढली हेही तो लपवत नाही. येथे लेखक स्वतःच्या दुःखात केवळ वादी नाही, प्रतिवादीही आहे.

५

या उदाहरणांतून एक मर्यादित निष्कर्ष काढता येईल. साधारणीकरण हा वाचकाचा अधिकार आहे. ती लेखकाला मिळालेली सूट नव्हे. ‘हे दुःख कोणाचे?’ हा प्रश्न विसरण्याची मुभा सहृदयाला आहे, कारण ते विसरल्यावाचून त्याला त्या दुःखापर्यंत पोहोचता येत नाही. लेखकाला ती मुभा नाही, कारण त्याच्यापर्यंत ते दुःख इतरांच्या सोबतीने आलेले असते. घरातील हानीवर लिहिताना इतरांना आपल्या शोकाची सामग्री करायचे, की त्यांनाही शोक करणारी माणसे म्हणून जागा द्यायची, हा प्रश्न संहितेच्या रचनेत उत्तरावा लागतो. अर्पणपत्रिकेत ऋण मानून तो सुटत नाही. म्हणूनच तो समीक्षेच्याही कक्षेत येतो. निवेदनातील ‘मी’ने कोणाची वाक्ये स्वतःच्या तोंडी घेतली आहेत, हे पाहणे म्हणजे चरित्राची उठाठेव नव्हे.

कुटुंबाविषयीच्या लेखनाला नेहमी दोन प्रकारचे वाचक असतात. एक सहृदय, ज्याच्यासाठी व्यक्तिसंबंध गळून पडू शकतात. दुसरा असा, की ज्याच्या बाबतीत ते कधीच गळून पडणार नाहीत. आपल्या शास्त्राने पहिल्याचा विचार सूक्ष्मपणे केला. दुसऱ्याचा विचार करताना भवभूतीने योजलेली अदृश्य सीता आठवावी.

मी तो लेख पुढे संग्रहात घेताना दुरुस्त केला. ‘मी म्हणालो’ च्या जागी ‘ताई म्हणे’ आले आणि शनिवारी येऊन रविवारी परत जाणारा मुलगाही आला. एका जाणकार मित्राच्या मते त्यामुळे प्रसंगाची तीव्रता उणावली. असेलही. त्या खोट्याचा भार पहिल्या लेखात मी एका वाक्यात पेलून मोकळा झालो होतो; ताईने तो रोज संध्याकाळी पेलला होता, आणि आई गेल्यावरही तो उतरलेला नव्हता. दुरुस्त केलेला लेख ताईला पाठवला. तिने तो वाचला की नाही हे अजून विचारलेले नाही.