राणी काचेत, रान बाहेर

येडशीच्या रामलिंग घाटात पहिला मोठा पाऊस झाला की वारुळांतून वाळवीचे पंखवाले नर-मादी बाहेर पडतात. जेमतेम थोडं उडतात, पंख गाळतात आणि जोडीजोडीनं ओल्या मातीत शिरतात. मुंग्यांच्या कितीतरी जातींच्या राण्याही पावसाळ्यातच मीलनाचं उड्डाण करून जमिनीवर उतरतात. मुंग्या पाळण्याचा छंद असलेल्याला हवी असते ती अशीच एक राणी. टेस्ट ट्यूबमध्ये थोडं पाणी, कापसाचा बोळा आणि अंधार एवढ्यावर ती अंडी घालू लागते.

या छंदातलं सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे अमेरिका खंडातली पानकापी मुंगी. कापून आणलेल्या पानांच्या लगद्यावर ती बुरशी पिकवते आणि अळ्यांना तीच भरवते. सासरी जाताना घरचं विरजण न्यावं, तशी नवी राणी तोंडातल्या छोट्या पिशवीत त्या बुरशीचा कण घेऊन निघते. ही मुंगी भारतात नाही, आणि परदेशी जिवंत कीटक परवान्याशिवाय आणता येत नाहीत. ते योग्यच, कारण ती सुटली तर बागाच्या बागा ओरबाडेल. पण बुरशीची शेती पाहायला तेवढ्या लांब जायला नको. ओडोंटोटर्मिस प्रजातीतली वाळवी आपल्याकडच्या वारुळांत तीच करते.

मग अशी वसाहत घरात ठेवणं ही हिंसा म्हणायची का?

येडशीच्याच धाराशिव जिल्ह्यात कुंथलगिरी हे जैन तीर्थक्षेत्र आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तिथे सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचं व्रत, घेऊन देह ठेवला. जैन विचारात मुंगी त्रींद्रिय जीव आहे: स्पर्श, चव आणि गंध या तीन इंद्रियांचा. एकेका जिवाची हिंसा मोजणाऱ्या या हिशेबात पाळणारा निर्दोष ठरू शकतो. त्यानं कुणाला मारलेलं नाही. उलट, मोकळ्या रानात बहुतेक नव्या राण्या पक्ष्यांच्या, सरड्यांच्या तोंडी जातात. यानं एक वाचवली. हा युक्तिवाद पोकळ नाही.

पण इथे जीव कशाला म्हणायचं? विल्यम मॉर्टन व्हीलर या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञानं १९११ साली मांडलं की मुंग्यांची वसाहत हाच एक सजीव मानावा. कामकरी मुंगी सहसा वंश वाढवत नाही, एकटी फार दिवस जगतही नाही. वसाहतीची खरी संतती म्हणजे पंख फुटलेल्या राण्या आणि नर. काचेच्या पेटीत खाणंपिणं भरपूर, रोगराई कमी. पण पंखवाले तयार झाले तरी त्यांना आभाळ नाही. एकही मुंगी न मारता एक अख्खा वंश तिथे थांबतो.

वाळवीचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिच्या बुरशीची अळिंबी पावसाळ्यात वारूळ फोडून वर येते. गोव्यात लोक ती आवडीनं खातात. या अळिंबीचे बीजकण रानभर पसरतात आणि बहुतेक जातींमध्ये नव्या वसाहतीच्या पहिल्या कामकरी वाळव्या बुरशीचं बी बाहेरूनच गोळा करून आणतात. म्हणजे वारुळाचा संसार मातीच्या भिंतीशी संपत नाही. पाऊस, पालापाचोळा आणि शेजारची वारुळं हेही त्याचेच भाग आहेत. पेटीत येतो तो त्यातला एक तुकडा.

नागपंचमीला वारुळाची पूजा होते ती वारुळापाशी जाऊन. लाह्या-दूध तिथे नेतात, वारूळ घरी आणत नाहीत. त्या दिवशी जमीन खणायची नाही, नांगरायची नाही, हेही घराघरांत पाळलं जातं. मुंग्यांना साखर घालणारी म्हातारी माणसंही साखर बिळाच्या तोंडाशी टाकून निघून जातात. देणं आहे, ताबा नाही. रामलिंगला जटायूची समाधी असल्याचं लोक सांगतात. ज्या श्रद्धेनं एका पक्ष्याचे अंत्यसंस्कार केले, तिला जिवाशी नातं जोडायला पिंजरा लागला नाही.

काचेपलीकडून मुंगी पाहणारं मूल तिला जीव लावतं, हे खरं. बुरशीच्या शेतीचं पुष्कळसं ज्ञानही प्रयोगशाळेत जपलेल्या वसाहतींमधूनच आलं. म्हणून सगळंच पाळणं एका तराजूत घालता येत नाही. मात्र छंदाचा बाजार झाला की काय होतं ते केनियात दिसलं: २०२५ साली हजारो मुंग्या नळ्यांत भरून नेऊ पाहणाऱ्या चौघांना तिथल्या न्यायालयानं प्रत्येकी दहा लाख शिलिंगांचा दंड केला. येडशी-रामलिंग घाट हे १९९७ पासून अभयारण्य आहे आणि तिथून परवानगीशिवाय वन्यजीव उचलायला कायद्यानं मनाई आहे. शेताच्या बांधावर उतरलेल्या साध्या मुंगीच्या राणीला असं संरक्षण नाही. तिथे नळी पुढे करायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं आहे.