मैत्रीचे मुख्य लक्षण : निष्कपटता

मित्राच्या ठिकाणी कोणता गुण असावा, असे विचारले असता मनुष्य पुष्कळ गुण सांगतो. कोणी म्हणतो, गोड बोलणारा असावा. कोणी म्हणतो, अडल्यानडल्यास धावून येणारा असावा. कोणास उदार मित्र हवा, कोणास चतुर. हे सर्व गुण चांगलेच होत. परंतु यांतील प्रत्येक गुणाचे सोंग घेता येते. ठकही गोड बोलतो, आणि कार्य साधू पाहणारा तर सर्वांच्या आधी धावून येतो. ज्याचे सोंग कसोटीच्या वेळी टिकत नाही, असा गुण एकच, तो निष्कपटता. मनात एक व मुखात एक न ठेवणे आणि मित्राचे हित सांगताना स्वतःची हानी न मोजणे, हे तिचे लक्षण होय.

केशिराजबासांच्या दृष्टांतपाठात सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक अशी तीन अंगे आढळतात. दृष्टांताने अर्थ लवकर उमगतो. यास्तव या विषयासाठीही भोर-वेल्हे या मावळ प्रांतातील एक घडलेला प्रसंग पाहण्यासारखा आहे.

दृष्टांत

सन १६५९ मध्ये अफजलखान विजापुराहून शिवाजी महाराजांवर चालून आला. त्या वेळी राजांची राजधानी वेल्ह्यातील राजगड ही होती. भोरजवळील कारी गावचे कान्होजी जेधे देशमुख यांस आदिलशहाचे फर्मान आले. खानास सामील व्हावे, अशी त्यात आज्ञा होती. जो मानणार नाही त्याचे वतन आणि जीव, दोन्ही संकटात होते. त्याच खोऱ्यातील उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाकडे निघून गेले.

कान्होजींनी फर्मान लपविले नाही. पुत्रांसह ते राजांकडे गेले व तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. राजांनीही त्यांस गोड बोलून गुंतविले नाही. खोपडे गेले आहेत, तुम्ही न गेल्यास वतन जाईल, जिवासही अपाय होईल. तरी तुम्हीही जावे, असे स्पष्ट सांगितले. तेव्हा शहाजी राजांपाशी दिलेल्या शब्दाचे स्मरण ठेवून कान्होजींनी वतनावर पाणी सोडले. आपण व आपले पुत्र राजांपाशीच राहू, असे सांगितले. पुढे मावळच्या इतर देशमुखांसही त्यांनीच एकत्र केले. जेधे करीन्यात ही हकिकत आली आहे.

खानाचा वध झाल्यावर खंडोजी पकडीत आले. त्यांच्या जीवदानासाठी रदबदली केली ती कान्होजींनीच. राजांनी शब्द राखून जीव घेतला नाही. मात्र एक हात व एक पाय तोडविला.

दार्ष्टांतिक

येथे कोणी शंका घेईल की, युद्धाच्या व दंडाच्या कथेचे अहिंसाव्रती साधकास काय प्रयोजन? त्याचे समाधान असे. दृष्टांताचा एक अंश घ्यावयाचा असतो, सर्वांश नव्हे. तो दंड राजकारणातला. साधकास तो अनुकरणीय नाही. घ्यावयाचा अंश मैत्रीचा आहे.

पहिला अंश कागद पुढे ठेवण्याचा. कान्होजी फर्मान पेटीत ठेवून राजांशी पूर्ववत हसतखेळत वागू शकले असते. असे फर्मान प्रत्येकास केव्हा तरी येते. पुण्यानजीकच्या या खोऱ्यांत आज जमिनीस मोल आले आहे. बांधाला बांध लागून राहिलेल्या सोबत्यास चुकवून व्यवहार करण्याचा मोह तेथे होतो. साधकास तो मानाचा होतो, उपाहाराचा होतो. मोह होणे हे अवघे पतन नव्हे. तो सन्मित्रापासून लपविणे, ही पतनाची पहिली पायरी होय.

दुसरा अंश मोकळे सोडण्याचा. राजांस त्या घडीला माणसांची नितांत गरज होती. तरीही त्यांनी कान्होजींचे हित आधी सांगितले. जो मित्रास उपकाराच्या दोरीने बांधून ठेवतो, त्याने दास मिळविला, मित्र नव्हे.

तिसरा अंश सर्वांत अवघड. कान्होजींनी खंडोजींच्या दोषास गुण म्हटले नाही, आणि दोष दिसला म्हणून माणूसही टाकला नाही. मठात एखादा साधक आचारात उणा पडला, तर दोन चुका होतात. कोणी तो दोष झाकतो व त्यास दया म्हणतो. कोणी तो चारचौघांत सांगत फिरतो व त्यास सत्य म्हणतो. सन्मित्र एकांतात दोष दाखवितो आणि जनांत त्याच्यासाठी रदबदली करतो.

पंथात याचे उदाहरण म्हाइंभट व नागदेवाचार्य यांचे आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी गावोगाव जाऊन लीळा मिळविल्या आणि त्या आचार्यांपुढे पडताळून घेतल्या. म्हाइंभट मोठे विद्वान. परंतु आपले लेखन तपासून घेण्यात त्यांस कमीपणा वाटला नाही, आणि तपासताना आचार्यांनी भीड धरली नाही. अशा निष्कपट सख्यातून लीळाचरित्र उभे राहिले.

तात्पर्य, मित्र कसा असावा हे पुसण्यापूर्वी साधकाने व वासनिकाने आपली पेटी उघडून पाहावी. तीत न दाखविलेला कागद असेल, तर तो आजच मित्रापुढे ठेवावा. निष्कपट मित्र लाभावा, ही इच्छा सर्वांचीच असते; निष्कपट मित्र होणे, हे मात्र प्रत्येकाच्या स्वाधीन आहे.

दंडवत प्रणाम.